विश्लेषण : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या ४० वर्षे आधी तो खेळ खेळणारा लेखक कोण होता?

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका मोबाइलवर पाहिलेल्यांना तळघरातले ते टेबल आठवत असेल. भोवती बसलेली मुले, हातात कागद, टेबलावर फासे आणि तासन्‌तास चाललेला आरडाओरडा. तो खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. अमेरिकेत १९७४ मध्ये तो पहिल्यांदा छापला गेला. त्यानंतर संगणकावर आणि मोबाइलवर जे साहसी गेम आले, त्यातल्या असंख्य गेमनी याच खेळाकडून उसनवारी केली.

या गेममध्ये काही गोष्टी हमखास दिसतात. धुराने काळवंडलेले एक लबाड शहर असते. त्या शहरात चोरांची रीतसर संघटना असते. एक दांडगा तलवारबाज असतो आणि त्याचा ठेंगणा, चलाख, हातचलाखीत तरबेज जोडीदार असतो. दोघे मोठ्या ऐटीत बेत आखतात आणि तो बेत हमखास फसतो. या सगळ्याचा माग काढत मागे गेले की रस्ता १९३४ सालच्या एका पत्रापाशी पोहोचतो. दोन बेकार तरुण मित्रांमधले ते पत्र होते. लिहिणाऱ्याचे नाव हॅरी ओटो फिशर. ज्याला ते पोहोचले त्याचे नाव फ्रिट्झ लायबर. पुढे ५० वर्षांहून अधिक काळ लायबर त्या पत्रातल्या थट्टेला कथा-कादंबऱ्यांचे रूप देत राहिला.

मुळात हा खेळ असतो कसा?

सारीपाट, ल्युडो, सापशिडी हे खेळ आपल्याकडे घरोघर माहीत आहेत. त्यात सोंगटीला रंग असतो, नाव नसते. लाल सोंगटी मेली तर कोणी रडत नाही. टेबलटॉप रोल-प्ले म्हणजे भूमिका घेऊन खेळायच्या खेळात नेमके उलटे होते. इथे सोंगटीला नाव, स्वभाव, उणीव, रिकामा खिसा आणि थोडीफार कर्जेही मिळतात. खेळणारा तिच्या तोंडून बोलतो.

एक जण सूत्रधार होतो. तुम्ही गुहेच्या तोंडाशी उभे आहात, आतून खरवडल्याचा आवाज येतो आहे, आता काय करता, असे तो विचारतो. बाकीचे आपापल्या पात्राप्रमाणे उत्तर देतात. जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा. तो बहुधा २० बाजूंचा असतो. इथे शेवटी कोणी जिंकत नाही, हरत नाही. गोष्ट तेवढी पुढे सरकते.

या खेळातून हसू का येते, ते खेळून पाहिल्याशिवाय नीट कळत नाही. अर्धा तास खपून आखलेला बेत असतो. वीर छातीठोकपणे पुढे सरसावतो आणि फाशावर एक पडतो. वीर दाराच्या उंबऱ्याला अडखळून तोंडावर आपटतो. बेत आणि फासा यांच्यातल्या या दरीत विनोदी फँटसी जन्माला येते. लायबरच्या कथा वाचताना पानोपानी तो फासा पडल्याचा भास होतो. फरक एवढाच की त्या लिहिल्या जात होत्या तेव्हा हा खेळ जगात कुठेच नव्हता.

लायबर आला कुठून?

दिवाळी झाली की आपल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. लाखांदूरला लागून असलेल्या वडशाहून कंपन्या निघतात आणि साकोली-लाखनीपासून पार गडचिरोलीच्या आतल्या गावांपर्यंत रात्र रात्र जागवतात. अशा कंपनीतल्या नटाच्या घरी जन्मलेले मूल डोळ्यांसमोर आणा. लायबरचे बालपण समजायला तेवढे पुरेसे आहे.

२४ डिसेंबर १९१० रोजी तो शिकागोत जन्मला. आई व्हर्जिनिया आणि वडील, त्यांचेही नाव फ्रिट्झ लायबरच, दोघेही शेक्सपिअरच्या नाटकांत काम करायचे. वडिलांनी रॉबर्ट मँटेल यांच्या कंपनीत नाव कमावले आणि नंतर स्वतःची फिरती कंपनी काढली. १९१७ च्या मूक ‘क्लिओपात्रा’ चित्रपटात ते ज्युलिअस सीझर झाले होते. पोराच्या कानावर पहिल्यापासून तालमीतली भाषणेच पडली. वाचता येण्याआधीच त्याला ‘मॅकबेथ’ आणि ‘हॅम्लेट’मधले संवाद पाठ झाले होते. लाकडी तलवारी, खोट्या दाढ्या आणि विंगेतून दिसणारे राजे यांतच तो वाढला. पडद्यापुढचा राजा पडद्यामागे जेवणावरून कुरकुर करतो हे त्याने लहानपणीच पाहिले. त्याचे सगळे वीर पुढे तसेच निघाले.

१९३२ मध्ये तो शिकागो विद्यापीठातून पदवीधर झाला. काही काळ धर्मशिक्षण घेतले, चर्चमध्ये प्रवचनेही केली, पण तिथे त्याचे मन लागले नाही. १९३४ च्या सुमारास तो फ्रान्सिस लॅथ्रॉप या नावाने वडिलांच्याच कंपनीत नट म्हणून फिरला. काळ महामंदीचा होता. त्यात बोलपट आले होते. शेक्सपिअर घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या कंपनीला प्रेक्षक उरले नव्हते. वडिलांनी हॉलिवूडची वाट धरली आणि छोट्या-मोठ्या भूमिकांवर उरलेले आयुष्य काढले. मुलानेही तिथे पाय टेकवून पाहिला. ग्रेटा गार्बोच्या १९३६ च्या ‘कमील’ चित्रपटात तो एका छोट्या भूमिकेत आहे. त्यापुढे गाडी सरकली नाही.

पत्रात नेमके काय होते?

फिशर हा केंटकी राज्यातल्या लुईव्हिलचा. लायबरशी त्याची मैत्री शिकागोतल्या विद्यार्थिदशेत जमली. दोघेही वाचनवेडे आणि दोघांच्याही खिशात दमडी नव्हती. दोन शहरांत राहायला लागल्यावर दोघांनी एकमेकांना लांबलचक पत्रे लिहायला सुरुवात केली. त्यात पुस्तके, बुद्धिबळ आणि निव्वळ थापा असा सगळा मसाला असे.

१९३४ च्या एका पत्रात फिशरने दोन पात्रे सहज सोडून दिली. एक उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातला सात फुटी रांगडा गडी, फाफर्ड. दुसरा बुटका, करड्या कपड्यांतला, मांजरासारखा चपळ ग्रे माऊझर. माऊझर म्हणजे उंदरांवर टपलेले मांजर. या दोघांची गाठ लांखमार नावाच्या शहरात पडते, असे त्याने लिहिले. लायबरने त्याच थाटात उत्तर पाठवले आणि खेळ सुरू झाला.

फाफर्ड म्हणजे लायबर. तोही सहा फुटांहून उंच होता आणि तलवारबाजी शिकलेला होता. माऊझर म्हणजे फिशर. दोघे आपापल्या पात्राच्या नावाने पत्रे लिहू लागले. एकाने डाव टाकायचा, दुसऱ्याने तो उधळून लावायचा. फासे नव्हते, पण पोस्टमन होता. पुढच्या पत्रात मित्र आपल्या वीराची काय गत करून ठेवेल, हे फाशाइतकेच बेभरवशाचे असे. सूत्रधार आळीपाळीने बदलत होता, एवढाच काय तो फरक.

१९३७ मध्ये दोघांनी एक पाऊल पुढे टाकले. लांखमारच्या दुनियेचा एक भलामोठा पट त्यांनी हाताने तयार केला. डोंगर उंचावलेले, समुद्र खोल, शहरे आपापल्या जागी आणि त्यावरून हलणारी वीरांची प्यादी. फिशरची नोकरी पुढे पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या उद्योगात गेली, हा योगायोग गमतीचा म्हणावा लागेल. या पटामुळे शहराच्या कथांना भूगोल मिळाला. कोणत्या वेशीतून कोणती गल्ली कुठे जाते, दलदल कुठल्या बाजूला, धान्याचा धक्का कुठे, हे लायबरला डोळे मिटून सांगता येत असे. कथेत कधी चूक झाली तर ती पकडायला फिशर होताच.

छापील अक्षरापर्यंत हे पोहोचले कसे?

यात लायबरच्या पत्नीचा वाटा मोठा आहे. जॉन्क्विल स्टीफन्स ही वेल्श कुटुंबातली कवयित्री. १९३६ च्या जानेवारीत दोघांचे लग्न झाले. नवरा एच. पी. लव्हक्राफ्ट या भयकथाकाराचा भक्त आहे, पण त्याला पत्र लिहायचे धाडस त्याच्यात नाही, हे तिने ओळखले. मग तिनेच नवऱ्याला न सांगता पत्र टाकले. लव्हक्राफ्टने उत्तर दिले आणि पत्रव्यवहार सुरू झाला. फाफर्ड-माऊझरच्या एका दीर्घकथेचे हस्तलिखित त्याने बारकाईने वाचून सूचना पाठवल्या आणि ते आपल्या मित्रांकडेही धाडले. जेमतेम काही महिने हे चालले. मार्च १९३७ मध्ये लव्हक्राफ्ट वारला.

विकली गेलेली पहिली कथा ‘टू सॉट अ‍ॅडव्हेंचर’. जॉन कॅम्पबेल यांच्या ‘अननोन’ मासिकाच्या ऑगस्ट १९३९ च्या अंकात ती आली. तोवर घरात मुलगा जस्टिन आला होता आणि लायबर शिकागोत एका प्रकाशन संस्थेत ज्ञानकोशाचे संपादन करून घर चालवत होता. पुढे कॅलिफोर्नियात एक वर्ष त्याने नाट्यकला शिकवली.

दुसरे महायुद्ध आले तेव्हा त्याच्यापुढे पेच उभा राहिला. तो मनाने युद्धविरोधी होता. तरीही फॅसिझमला रोखणे अधिक गरजेचे आहे, असा निर्णय करून त्याने सांता मोनिकातल्या डग्लस विमान कारखान्यात तपासनिसाची नोकरी धरली. युद्धानंतर १९४५ पासून ११ वर्षे ‘सायन्स डायजेस्ट’ मासिकात संपादकीय काम केले. म्हणजे कथा लिहिणे हा कायम रात्रीचा धंदा राहिला.

या कथांत हसण्यासारखे काय आहे?

तलवार आणि जादूटोण्याच्या कथा लायबरच्या आधी होत्याच. रॉबर्ट हॉवर्डचा कॉनन १९३२ मध्ये आला होता. या प्रकाराला ‘स्वोर्ड अँड सॉर्सरी’ हे नाव मात्र १९६१ मध्ये लायबरनेच सुचवले. आपल्याकडे नाथमाधवांचे ‘वीरधवल’ वाचून मोठ्या झालेल्या पिढीला अशा कथांचा बाज ठाऊक आहे. तळघरे, भुयारे, कपट, धाडस. त्या कथांतला वीर मात्र वीरच असतो. त्याला भूक लागत नाही आणि घरभाडे थकत नाही.

फाफर्ड आणि माऊझर सदैव कफल्लक. लूट हाती येते ती पुढच्या पानावर निसटते. दोघांनाही आपण फार हुशार आहोत असे वाटते. बायका त्यांना सहज गंडवतात. त्यांचे आश्रयदाते दोन मांत्रिक, एक सात डोळ्यांचा निंगॉबल आणि एक चेहऱ्यावर डोळेच नसलेली शील्बा. ते या दोघांना अशा कामांना जुंपतात, ज्यांचा अर्थ त्यांना शेवटपर्यंत कळत नाही.

माझ्या मते यातली सर्वात भारी कथा म्हणजे १९५९ ची ‘लीन टाइम्स इन लांखमार’. दोघांचे भांडण होते आणि ते वेगळे होतात. लांखमारमध्ये देवांचा एक लांबच लांब रस्ता आहे. नवखा देव वेशीजवळच्या उकिरड्यापाशी सुरुवात करतो. भक्त आणि दक्षिणा वाढली तर तो रस्त्याने वर वर सरकत जातो आणि ओसरली की पुन्हा खाली घसरतो. फाफर्ड तलवार टाकून एका फाटक्या देवाचा चेला होतो. माऊझर त्याच रस्त्यावर पुजाऱ्यांकडून हप्ते गोळा करणाऱ्या दादाच्या नोकरीला लागतो. फाफर्डच्या कथाकथनाने देवाची भरभराट होते आणि मग हप्ता वसूल करायला कोणी जायचे, हा प्रश्न उभा राहतो. शेवटी दारूने तर्र, मुंडण केलेला आणि खाटेला बांधलेला फाफर्ड खाटेसकट रस्त्यावर अवतरतो आणि भक्त त्यालाच देव समजतात. या कथेत कोणा धर्माची टवाळी नाही. चिमटा आहे तो श्रद्धेच्या बाजारभावाला.

१९६३ ची ‘बझार ऑफ द बिझार’ तर आज मोबाइलवर रात्री दोन वाजता सेल पाहत बसणाऱ्याने वाचायलाच हवी. शहरात रातोरात एक झगमगते दुकान उघडते. माऊझर आत शिरतो आणि प्रत्येक वस्तूवर लट्टू होतो. खरे तर तिथे निव्वळ भंगार आहे. ग्राहकाच्या डोळ्यांवर मोहिनी टाकून केरकचरा विकणारे व्यापारी दुसऱ्या विश्वातून आलेले असतात. फाफर्डला खरे रूप दाखवणारी एक जाळीची पट्टी डोळ्यांवर बांधायला मिळते. मित्राला दुकानाबाहेर काढण्यासाठी त्याला दुकानाशी कमी आणि मित्राशीच जास्त झगडावे लागते.

या दोघांवरची एकच पूर्ण लांबीची कादंबरी आहे, १९६८ ची ‘द स्वोर्ड्स ऑफ लांखमार’. धान्याने भरलेली जहाजे, त्यांवर शिकवलेले पांढरे उंदीर घेऊन निघालेली एका धान्य व्यापाऱ्याची मुलगी आणि शहराखाली उंदरांनी वसवलेले दुसरे शहर. धानाचे कोठार आणि उंदीर हा विषय भंडाऱ्याच्या वाचकाला कल्पनारम्य वाटणार नाही. पण माऊझर औषध पिऊन उंदराएवढा होतो आणि त्या बिळांच्या राजधानीत हिंडतो, तिथे मात्र लायबरचा हात धरणारा दुसरा नाही. वर सिंहासनावर बसलेला शहराचा धनी इतका खुळा आहे की धोका उंबऱ्याशी आला तरी तो आपल्याच करमणुकीत दंग असतो.

मग आयुष्यात काय बिनसले?

बिनसले ते दारूने. लायबरचे हे व्यसन जुने होते. १९५० च्या दशकाच्या मध्यात लिखाणच थांबले आणि नोकरीही सुटली. त्यानंतर तो ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या बैठकांना जाऊ लागला आणि सुमारे १२ वर्षे सावरलेला राहिला. त्याची उत्तम कथांची मालिका याच काळातली आहे. १९५८ मध्ये त्याला ‘द बिग टाइम’ या कादंबरीसाठी विज्ञानकथा क्षेत्रातला ह्यूगो पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी सांता मोनिकातली खुली बुद्धिबळ स्पर्धाही त्याने जिंकली. १९६५ मध्ये ‘द वाँडरर’साठी दुसरा ह्यूगो आला. वडिलांच्या फिरत्या कंपनीच्या आठवणींवर बेतलेली ‘फोर घोस्ट्स इन हॅम्लेट’ ही सुंदर कथाही याच काळातली. ‘हॅम्लेट’मध्ये भूत झालेला नट नेमका कोण, असा तिचा विषय.

सप्टेंबर १९६९ मध्ये जॉन्क्विल गेली. ३३ वर्षांचा संसार संपला. लायबर लॉस एंजेलिस सोडून सॅन फ्रान्सिस्कोत गेला आणि पुन्हा बाटलीत बुडाला. झोपेच्या गोळ्यांचीही त्यात भर पडली. यातून वर यायला त्याला वर्षानुवर्षे लागली.

एप्रिल १९७० मध्ये ‘इल मेट इन लांखमार’ छापून आली. दोघांची शहरातली पहिली भेट सांगणारी ही कथा. दोघेही एकाच रात्री त्याच चोरांना लुटायला दबा धरून बसतात आणि दोस्ती होते. मग जल्लोष, दारूवर दारू. नशेच्या भरात चोरांच्या संघटनेच्या वाड्यात भिकाऱ्याच्या वेषात घुसायची टूम निघते. तिथली फजिती अगदी पोट धरून हसवणारी. ते परततात तेव्हा घरी ठेवलेल्या दोघांच्याही प्रेयसी जादूटोण्याने मारल्या गेलेल्या असतात आणि प्रेतांवर उंदीर असतात. पिऊन मर्दुमकी गाजवायला बाहेर पडलेले दोन पुरुष आणि घरात एकट्या मेलेल्या दोन बायका. जॉन्क्विलच्या मृत्यूची तारीख ठाऊक असलेल्या वाचकाला ही कथा दुसऱ्यांदा वाचताना पहिल्या अर्ध्या भागातही हसता येत नाही. तिला ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही पुरस्कार मिळाले.

पुरस्कार घरात येत होते, पैसा नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोतल्या गिअरी स्ट्रीटवरच्या एका जुन्या इमारतीत छोट्याशा भाड्याच्या जागेत तो राहत होता. १९७७ मध्ये त्याच जागेवर बेतलेली ‘अवर लेडी ऑफ डार्कनेस’ ही कादंबरी आली. तिचा नायक पत्नीच्या निधनानंतर दारूतून सावरणारा लेखक आहे. तो पलंगावर शेजारी पुस्तकांची रास रचून तिलाच सोबतीण मानतो. तिला १९७८ चा वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला.

खेळ पुन्हा कथेकडे कसा आला?

शिकागोपासून जवळच विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचे गाव आहे. तिथे गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटातले डेव्ह आर्नसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ तयार केला. जानेवारी १९७४ मध्ये टीएसआर या छोट्या कंपनीने तो बाजारात आणला. त्याच्या पहिल्याच पुस्तिकेच्या प्रस्तावनेत फाफर्ड आणि माऊझर यांची नावे आहेत. १९७५ च्या पुरवणीत ‘चोर’ हे नवे पात्र घेता येऊ लागले. तो चोर पाहिला की माऊझर लगेच ओळखू येतो. १९७९ च्या सूत्रधारांच्या ग्रंथात गायगॅक्स यांनी आपल्या प्रेरणास्थानांची यादी दिली, त्यातही लायबर ठळकपणे आहे.

मग एक मजेशीर वर्तुळ जुळले. १९७६ मध्ये टीएसआरने लांखमारचा तोच १९३७ चा पट सोपा करून बाजारात आणला. दोन कफल्लक मित्रांनी घरी बनवलेली वस्तू ३९ वर्षांनी दुकानात विकायला आली. त्याच साली सुरू झालेल्या ‘द ड्रॅगन’ या खेळाच्या मासिकाच्या पहिल्या अंकात लायबरने आपल्या दोन वीरांवर लिहिले. १९८० मध्ये लांखमारच्या देवदेवता खेळाच्या अधिकृत ग्रंथात आल्या. १९८५ मध्ये ‘लांखमार : सिटी ऑफ अ‍ॅडव्हेंचर’ हा खेळण्यासाठीचा स्वतंत्र ग्रंथ निघाला. आता जगभरची मुले टेबलाभोवती बसून त्याच गल्ल्यांत आपापले चोर फिरवू लागली.

पुस्तकांनी जे दिले नव्हते ते या खेळाने दिले. टीएसआरकडून येणाऱ्या मानधनाच्या धनादेशांवर लायबरची अखेरची वर्षे पैशाच्या विवंचनेविना गेली. ६० वर्षे लिहीत राहिलेल्या माणसाला म्हातारपणी भाकर मिळाली ती तरुणपणी मित्राशी केलेल्या थट्टेमुळे.

साहित्यातही या जोडीची पिल्ले झाली. इंग्लंडच्या टेरी प्रॅचेट यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ मालिकेतली पहिली कादंबरी १९८३ ची. तिच्या आरंभी जळत्या शहराकडे पाहत उभे असलेले ब्राव्ड आणि वीझल हे दोघे म्हणजे फाफर्ड आणि माऊझर यांचे उघड विडंबन आहे. विनोदी फँटसी या प्रकाराला घरोघर पोहोचवले ते प्रॅचेट यांनी. पण खरकट्याने, लबाडीने आणि संघटित चोरांनी भरलेले शहर त्यांच्या आधी लायबर वसवून गेला होता.

मग श्रेय कोणाचे?

अशा मैत्रीत भांडण ठरलेले असते. नावे एकाने दिली, शहर एकाने सुचवले, कथा जवळजवळ सगळ्या दुसऱ्याने लिहिल्या आणि पुरस्कारही त्यालाच मिळाले. लायबरला गप्प बसता आले असते. फिशर खोक्यांच्या धंद्यात होता, लेखक म्हणून त्याला कोणी ओळखत नव्हते. पण पात्रे आणि शहर मूळ फिशरचे, हे लायबर आयुष्यभर प्रस्तावनांतून, लेखांतून सांगत राहिला.

एक गोष्ट त्याने त्याहून पुढे जाऊन केली. फिशरने १९३० च्या दशकात क्वारमॉल नावाच्या पाताळनगरीची एक कथा सुरू करून सुमारे दहा हजार शब्दांवर सोडून दिली होती. एकमेकांच्या जिवावर उठलेले दोन राजपुत्र. एकाने फाफर्डला नोकरीवर ठेवले, दुसऱ्याने माऊझरला आणि आपला दोस्त पलीकडच्या गोटात आहे हे दोघांनाही ठाऊक नाही. लायबरने ते जुने कागद जपून ठेवले आणि फिशरचा मजकूर तसाच राखून त्याभोवती उरलेली कथा विणली. १९६४ मध्ये ‘द लॉर्ड्स ऑफ क्वारमॉल’ छापली गेली तेव्हा तिच्यावर दोघांचीही नावे होती.

१९८१ मध्ये अमेरिकेतल्या विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेने लायबरला ग्रँड मास्टर हा सर्वोच्च मान दिला. १९८६ मध्ये फिशर वारला. दोन वर्षांनी मालिकेचे सातवे आणि अखेरचे पुस्तक ‘द नाइट अँड नेव्ह ऑफ स्वोर्ड्स’ आले. इतर लेखकांचे वीर कायम पंचविशीत असतात. लायबरने आपले वीर म्हातारे होऊ दिले. फाफर्डचा डावा हात मनगटापासून गेलेला आहे. दोघे लांखमार सोडून उत्तरेकडच्या एका थंड बेटावर आपापल्या जोडीदारणींसह स्थिरावले आहेत, व्यापार आणि घरखर्च पाहतात, गुडघ्यांची तक्रार करतात आणि अधूनमधून जुन्या भानगडी त्यांना शोधत येतात.

१९९२ मध्ये ८१ व्या वर्षी लायबरने मार्गो स्किनर या पत्रकार आणि कवयित्री मैत्रिणीशी लग्न केले. त्याच उन्हाळ्यात कॅनडातल्या लंडन शहरातल्या एका विज्ञानकथा संमेलनाहून परतताना तो प्रवासात कोसळला. ५ सप्टेंबर १९९२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्याचे निधन झाले.